शोक करणे हा अविश्वास आहे काय?

हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत वाहून गेले, अथवा पेरलेले बी उगवताच करपून गेले, म्हणजे आमच्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत एक प्रसंग हटकून घडतो. घरधनी ओट्यावर डोके धरून बसलेला असतो. घरधनीण चुलीपाशी पदराने डोळे पुसत असते. आणि समाचारास आलेली माणसे, ज्यांत बहुधा उपदेशक अथवा मंडळीचे एखादे वडीलही असतात, त्यांस दोहोंपैकी एक गोष्ट सांगतात. कोणी म्हणतो, "हे पापाचे फळ आहे, देवाने शासन केले, आता तरी जागे व्हा." कोणी म्हणतो, "देवाची इच्छा! विश्वासणाऱ्याने असे रडू नये." दोघांचाही हेतू चांगला असतो. परंतु ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या मनावर, आधीच्या दुःखाखेरीज, आणखी एक ओझे चढते. पहिले ऐकून तो म्हणतो, "मी असे कोणते पाप केले?" दुसरे ऐकून तो म्हणतो, "मला रडू येते, तेव्हा माझा विश्वासच खोटा असावा." शेत गेले ते गेलेच, वर देवाशी असलेले नातेही संशयात पडले. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न नवा नव्हे. आमच्या पूर्वजांनी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला, १८९९-१९०० चा पाहिला. १९७२ चा दुष्काळ, त्यातील खडी फोडण्याची कामे आणि तेथे वाटली जाणारी सुकडी आठवणारी माणसे आमच्या मंडळ्यांत अद्याप आहेत. परंतु त्या दुष्काळांत आणि आजच्या संकटांत एक भेद आहे. पूर्वी पाऊस एका वर्षी रुसला तरी पुढच्या वर्षी तो आपल्या नक्षत्रावर येईल असा शेतकऱ्यास भरवसा असे. रोहिणीत धूळपेरणी करावी, मृगावर मूठ टाकावी, हस्ताच्या पावसाने रब्बीस ओल धरावी, हा क्रम बापाने मुलास शिकविला होता. आज त्या क्रमाचाच भरवसा उरला नाही. मृग कोरडा जातो. दुबार पेरणी करावी लागते. आणि सोयाबीन कापून गंजी लावावी, कांदा वखारीत भरावा, तर तेव्हा आभाळ फाटते. गारपीट ऐन गव्हाच्या ओंब्यांवर येते. तेव्हा वृद्ध शेतकरी जेव्हा म्हणतो की, मला आता आभाळ वाचता येत नाही, तेव्हा तो केवळ एका हंगामाबद्दल बोलत नसतो. ज्या विद्येवर त्याने जन्म काढला ती विद्याच निरुपयोगी झाली, आणि मुलांस देण्यासारखे आपल्यापाशी काही उरले नाही, हे त्याचे दुःख आहे. हा शोक एखाद्याच्या मरणाच्या शोकासारखाच आहे. मात्र यास तिसरा दिवस नाही, दफनविधी नाही, आणि समाचारास कोणी येत नाही.

या पालटाचे कारण काय, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. दगडी कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने जो कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो तो हवेत साठत जातो, आणि कांबळ्याप्रमाणे पृथ्वीची ऊब धरून ठेवितो. कारखान्यांचे युग येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्याही वर गेले आहेत. त्यामुळे पृथ्वी तापत आहे. २०२४ हे वर्ष तोवरच्या सर्व नोंदींत सर्वांत उष्ण ठरले. हवा एक अंश तापली म्हणजे तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. ती अधिक पाणी धरून ठेविते आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साह्याने १९५० पासून २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासून २०१७ साली असे प्रसिद्ध केले की, मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग या काळात तिपटीने वाढले, आणि एकंदर मोसमी पाऊस मात्र वाढला नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मराठवाड्यातील पुष्कळ तालुक्यांत वर्षभरातही इतका पडत नाही. तात्पर्य, शेतकऱ्यास जे जाणवते तो त्याच्या मनाचा भ्रम नव्हे.

आता त्या दोन उत्तरांकडे वळू. पहिले उत्तर असे की, ज्यावर संकट आले त्याचे पाप मोठे. या उत्तराचा मोह थोरामोठ्यांसही झाला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात व नेपाळात मोठा भूकंप होऊन हजारो माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर फिरत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेले शासन होय, असे त्यांनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर हेही अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक. परंतु त्यांस हे पटले नाही. सृष्टीतील उत्पाताची कारणे सृष्टीतच शोधिली पाहिजेत, असा त्यांचा आक्षेप होता; आणि गांधीजींचा मोठेपणा असा की, तो आक्षेप त्यांनी आपल्याच 'हरिजन' पत्रात छापिला व त्याखाली आपले उत्तर दिले. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांनी अस्पृश्यतेचा जाच स्वतः सोसला आहे. ते पाप किती घोर हे आम्हांस कोणी सांगावयास नको. तरीही आम्ही विचारतो: भूकंपाने स्पृश्याची भिंत पाडली आणि अस्पृश्याची राखिली काय? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच झोपड्या पाडून अन्याय करणारास शिक्षा देणारा देव न्यायी कसा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत किल्लारी व आसपासच्या गावांवर जे कोसळले ते आमच्यांतील अनेकांनी पाहिले आहे. हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांत पाळण्यातील मुले होती. त्यांस मारिले ते त्यांच्या पापांनी नव्हे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर लादलेली मातीची जड धाबी त्यांच्या अंगावर आली. पुढे त्या भागात बांधलेल्या नव्या घरांत या गोष्टीचा विचार करण्यात आला. भूकंपास पापाचे नाव देऊन जे थांबले असते ते पुन्हा तशीच भिंत रचीत बसले असते.

प्रभू येशूनेही हा प्रश्न ऐकिला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक दोषी होती काय, या विचारास त्याने स्पष्ट नकार दिला. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ही गोष्ट आहे. परंतु तेथे प्रभू थांबला नाही; जे जिवंत उभे होते त्यांस त्याने पश्चात्तापास बोलाविले. आमच्या उपदेशकांनी हा क्रम नीट ध्यानात ठेवावा. संकट हा मेलेल्यांवरचा निवाडा नव्हे; जे वाचले त्यांस मात्र ते काही विचारते.

काय विचारते? येथे विवेक केला पाहिजे, कारण सगळी संकटे एका जातीची नाहीत. भूकंप हा पृथ्वीच्या घडणीचा भाग आहे. तो मनुष्याने आणिला नाही. परंतु हवेची उष्णता ही पुष्कळ अंशी मनुष्याच्या हातची करणी आहे. तेथे पाप नाही असे कसे म्हणावे? पाप आहे, पण ज्याने केले तो एकीकडे आणि ज्याने भोगिले तो दुसरीकडे, असे झाले आहे. भारतात माणशी वर्षाकाठी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. अमेरिकेत त्याच्या जवळजवळ सातपट. आणि भारतातही जो रोजंदारीवर जातो, ज्याच्या घरी दोन दिवे व एक पंखा, त्याचा वाटा तो किती असणार? पवित्र शास्त्रास ही गोष्ट अपरिचित नाही. अहाब राजाच्या दुष्टपणाच्या काळी दुष्काळ पडला, तेव्हा मूठभर पिठावर आली ती सारफथ गावची एक गरीब विधवा, जी त्याच्या राज्यातीलही नव्हती. राजाच्या पापाने तिचा रांजण रिकामा झाला. आणि देवाचा संदेष्टा तिला दोष द्यावयास गेला नाही. तो तिच्याच घरी राहिला, आणि तेथे पीठ सरले नाही.

यावर एखादा विचारी बंधू म्हणेल, "जलप्रलयानंतर देवाने नोहास अभिवचन दिले की, ऋतूंचा क्रम मोडणार नाही. मग तो आज का मोडतो? देव आपला शब्द विसरला काय?" हा प्रश्न धिटाईचा आहे म्हणून त्यास दडपून टाकू नये. आमच्या मते त्याचे उत्तर असे आहे. समजा, एका बापाने तीन मुलांस मिळून एक विहीर दिली आणि म्हटले, मी ही कधी बुजविणार नाही. पुढे थोरल्याने तिच्या काठी चामडे कमाविण्याचा कारखाना घातला, आणि त्याची घाण झिरपून पाणी नासले. धाकट्याची मुले आजारी पडली. तेव्हा धाकट्याने बापास खोटा म्हणावे काय? बापाने विहीर बुजविली नाही. त्याचा शब्द कायम आहे. परंतु थोरल्याचा हात धरून ठेवीन असे वचन त्याने दिले नव्हते. देवाचे अभिवचन हे देवाच्या हातासंबंधी आहे. मनुष्याच्या लोभास ते अभयपत्र नव्हे. शिवाय तो करार केवळ मनुष्यांशी झाला नव्हता, तर तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी झाला होता. तेव्हा जो ऋतूंची घडी विसकटतो तो शेजाऱ्याचे, पाखरांचे, गुराढोरांचे आणि पुढील पिढीचे देणे बुडवितो.

आमच्या खेड्यांतील माणसांचा या पापात वाटा थोडा आहे, हे आम्ही वर सांगितलेच. तरीही जेवढा आहे तेवढा पाहावयास लाजू नये. ओढ्याचे पात्र बुजवून त्यात रान कोणी वाढविले? बांधावरचे निंब व बाभळी कोणी विकल्या? शेजाऱ्याची विहीर आटेल हे ठाऊक असून आणखी खोल बोअर कोणी मारिली? अशा गोष्टींचा पश्चात्ताप खेड्यातच करावयाचा आहे. मात्र दुबळ्याच्या माथी सबळाचे पाप मारणे हा पश्चात्ताप नव्हे. तो अन्याय होय.

आता दुसरे उत्तर: देवाची इच्छा आहे, रडू नये. हे ऐकावयास नम्र वाटते, परंतु पवित्र शास्त्राशी ताडून पाहिले असता टिकत नाही. स्तोत्रसंहिता उघडावी, तीत स्तुतीबरोबर आक्रोशही आहे, आणि तो थोडाथोडका नाही. विलापगीत नावाचा एक सबंध ग्रंथ शोकाचा आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या चौदाव्या अध्यायात अवर्षणाचे जे वर्णन आहे ते आमच्या दुष्काळी तालुक्यांत आजही ओळखू येईल: पाण्यास गेलेली माणसे रिकामी भांडी घेऊन परततात, भेगाळलेल्या भुईपुढे शेतकरी डोके झाकून घेतो, आणि चारा नाही म्हणून हरिणी आपले पाडस टाकून जाते. संदेष्टा हे पाहून गप्प बसला नाही; तो देवापुढे गाऱ्हाणे घेऊन गेला. ज्याचा देवावर विश्वास नाही तो देवापाशी गाऱ्हाणे कशाला नेईल? ज्या मुलास बाप ऐकेल असे वाटते तेच बापापुढे रडते. म्हणून देवासमोर केलेला शोक हा विश्वासाचाच एक प्रकार होय.

ईयोबाच्या मित्रांचे उदाहरण उपदेशकांनी विशेष ध्यानात घ्यावे. त्यांस आम्ही वाईट सांत्वन करणारे म्हणून ओळखितो. परंतु आरंभी त्यांनी एक उत्तम गोष्ट केली. ते आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. त्यांची चूक त्यांनी तोंड उघडले तेव्हापासून सुरू झाली. नवख्या उपदेशकास वाटते, दुःखितापाशी जाऊन आपण काही बोललो नाही तर आपले कर्तव्य झाले नाही. आम्ही म्हणतो, पहिल्या दिवशी बसावे. पाणी भरून द्यावे. गुरांस चारा टाकावा. बोलणे मागाहून होईल.

आणि सर्वांहून मोठे उदाहरण स्वतः प्रभूचे. लाजरास पुरून चार दिवस झाले होते. आता काही क्षणांत तो जिवंत होऊन बाहेर येणार हे प्रभूस ठाऊक होते. तरी त्या कबरेच्या वाटेवर त्याने अश्रू ढाळिले. आशा असली म्हणजे अश्रू नकोत, असे ज्यांस वाटते त्यांनी या गोष्टीचे मनन करावे. ज्यास पुनरुत्थानाची सर्वांत अधिक खात्री होती तोच तेथे रडला. पौलानेही थेस्सलनीकेच्या मंडळीस शोक करू नका असे लिहिले नाही. ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा तो नसावा, एवढेच लिहिले.

दाबून ठेविलेला शोक कोठे जातो, याचाही विचार मंडळीने केला पाहिजे. तो जिरत नाही, आत शिरतो. कर्जाचे हप्ते, नापिकी आणि चारचौघांत गेलेली लाज, यांनी पिळलेला मनुष्य एके दिवशी बोलेनासा होतो, जेवण टाकितो, निरवानिरवीच्या गोष्टी करू लागतो. आमच्या राज्यात कित्येक शेतकऱ्यांनी अशा वेळी स्वतःच्या हाताने जीव दिला, हे सांगताना आमचे मन जड होते. अशा माणसास उपदेश करून घरी परतू नये. त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधे व विष दूर ठेवावे, आणि त्यास सरकारी दवाखान्यात घेऊन जावे. सरकारने २०२२ साली 'टेली-मानस' नावाची दूरध्वनीची सोय केली. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयी मोफत बोलता येते. प्रार्थना करणारा मनुष्य डॉक्टराकडे गेला तर त्याची प्रार्थना कमी होत नाही.

काही शोकांस मरणाचीही रीत लाभत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकर लोकांच्या वाडीवर डोंगर घसरला. २७ देह सापडले; ५७ माणसे सापडली नाहीत, आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. ज्या आईस मुलाचे तोंडही पाहावयास मिळाले नाही तिने शोक कोठे ठेवावा? असा प्रसंग आमच्या एखाद्या मंडळीवर आला तर देह नाही म्हणून उपासना टाळू नये. गेलेल्यांची नावे एकेक करून मोठ्याने घ्यावीत. त्यांच्या नावाने एखादा दगड किंवा झाड लावावे. आणि शोक केवळ माणसांचाच असावा असेही नाही. पुरात दावणीला बांधलेले बैल गेले म्हणून रडणाऱ्यास हसू नये. योना संदेष्ट्याचा ग्रंथ ज्या वाक्याने संपतो त्यात निनवेच्या गुराढोरांची दया आली आहे. देवास जी गुरे दिसली ती आम्हांस का दिसू नयेत?

परंतु शोक तेथेच बसून राहिला तर तो कुजतो. त्यास पाय फुटले पाहिजेत. पंडिता रमाबाईंचे चरित्र आमच्या वाचकांस परिचित आहे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात, तीर्थोतीर्थी पायी फिरत असता, त्यांचे आईबाप अन्नान्न दशेत मरण पावले. पुढे थोरली बहीणही गेली. ते दुःख त्यांच्या मनातून कधी पुसले गेले नाही. मग १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. १९०० साली गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. आणि केडगावचे मुक्तिसदन त्यांनी भरून गेले. भूक काय असते हे ज्या मुलीने पाहिले होते तिला दुसऱ्याची भूक ऐकू आली. आमच्यांतील कित्येक कुटुंबे आपले मूळ शोधू लागली तर ते अशाच एखाद्या दुष्काळात, मिशनच्या एखाद्या अनाथाश्रमाच्या दारी जाऊन थांबते. आम्ही दुष्काळातून वाचविलेल्यांची लेकरे आहो, हे विसरणे आम्हांस शोभत नाही.

मंडळीने करावयाचे काय, यास प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात एक सुंदर धडा आहे. अंत्युखियास अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ येणार असे सांगितले. तेव्हा हा कोणाच्या पापाने येणार, असा वाद तेथे झाल्याचे लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे काढून यहूदियातील बंधूंस पाठविण्याचे ठरविले. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले ते याच गावी, आणि त्याच अध्यायात हे लिहिले आहे. इशारा मिळताच हात पुढे करणे हे आमच्या नावाबरोबरच आम्हांस मिळालेले वतन आहे.

तेव्हा प्रत्येक मंडळीने सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी येणाऱ्या धान्यातून काही पायल्या संकटासाठी वेगळ्या ठेवाव्यात. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि एकट्या विधवा कोणत्या घरी आहेत याची यादी उपदेशकाजवळ असावी, म्हणजे नदी चढू लागताच प्रथम कोणाच्या दारी जावयाचे हे रात्री शोधावे लागणार नाही. हवामानखात्याचा इशारा आला की तो घरोघर सांगावा. डोंगराखालच्या वाडीत जमिनीस नवी भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पावसाळी रात्री तेथे झोपू नये व तत्काळ तहसीलदारास कळवावे. आणि मदत वाटताना एक गोष्ट विसरू नये. पंचनाम्यात शेत लिहिले जाते. त्या शेतावर खुरपणीस जाणाऱ्या बाईचा बुडालेला रोज लिहिला जात नाही. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याचे नाव मंडळीच्या वहीत पहिले असावे, मग तो कोणत्याही जातीचा व धर्माचा असो. संकटातही पंगती वेगळ्या मांडणाऱ्या गावात ख्रिस्ती मनुष्याने तरी एकच पंगत मांडावी.

"एवढ्याने पृथ्वी थंड होईल काय?" असे कोणी विचारील. होणार नाही. दहा पायल्या जोंधळ्याने आणि बांधावरच्या चार झाडांनी जगाचे हवामान सुधारत नाही. ते काम राष्ट्रांचे आहे, आणि त्यांस जाब विचारणे हेही नागरिकांचे कर्तव्य आहे. खोटी आशा देणे आम्हांस मान्य नाही. आज केलेल्या कामाचे फळ कदाचित आमच्या नातवंडांसही पुरते दिसणार नाही. मग का करावे?

ज्या यिर्मयाने अवर्षणाचा शोक केला त्याचीच दुसरी एक गोष्ट बत्तिसाव्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमास वेढा दिला होता. नगर पडणार हे यिर्मयास पक्के ठाऊक होते, कारण ते त्यानेच सांगितले होते, आणि त्यासाठीच तो कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ अनाथोथ येथील शेत विकावयास आला. शत्रूच्या हाती जाणारे शेत कोण घेईल? यिर्मयाने ते सतरा शेकेल रुपे मोजून घेतले, साक्षीदार केले, खरेदीखत लिहविले, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविले. त्या भूमीत पुन्हा घरे व शेते विकत घेतली जातील या देवाच्या शब्दावर त्याने रोख पैसे मोजिले. ज्याचे डोळे रडून सुजले होते त्याच्याच हातांनी हे खत झाले.

बंधुभगिनींनो, येत्या प्रभुवारी आपल्या मंडळीत एवढे करून पाहावे. उपासनेत थोडा वेळ राखून ठेवावा, आणि ज्याचे जे गेले ते त्याने उभे राहून सांगावे: कोणाचे पीक, कोणाची गाय, कोणाचे घर, कोणाचे मूल. मध्ये कोणी समजूत घालू नये, कारण सांगू नये. सर्वांचे सांगून झाले म्हणजे मंडळीने गुडघे टेकून ते सगळे देवापुढे ठेवावे. नंतर संकटाची वही उघडावी, आणि या आठवड्यात प्रथम कोणाच्या घरी जावयाचे ते तेथेच ठरवून उठावे.